सहा दिवसांचा खाडा

आधी हातातलं घड्याळ ३९ मिनिटं मागे करा. तुम्ही १९०८च्या जुलै महिन्यात उतरणार आहात आणि त्या मुंबईत दोन वेळा चालतात. रेल्वेच्या घड्याळांत १९०६ साली सरकारने आणलेली नवी प्रमाणवेळ आहे. शहर मात्र अजून आपल्या जुन्या मुंबई वेळेवर उठतं, जेवतं, झोपतं, आणि त्या वेळेसाठी पुढे १९५५पर्यंत हटून बसणार आहे. स्टेशनात शिरलात की ३९ मिनिटं पुढे, बाहेर पडलात की ३९ मिनिटं मागे. आपला दिवस कुणाच्या घड्याळावर चालायचा, हा प्रश्न या आठवड्यात मुंबईत विचारला जाणार आहे. म्हणून सुरुवात घड्याळापासून.

अंगावर धोतर-सदरा असू द्या आणि डोक्यावर टोपी किंवा पागोटं. बोडक्या डोक्याने हिंडलात तर लोक थांबवून विचारतील, घरात कोण गेलं? पावसासाठी छत्री घ्या. नसली तर घोंगडीची खोळ करा, म्हणजे गर्दीत मिसळून जाल. आषाढ संपत आलाय, पाऊस थांबायचं नाव घेत नाही.

२२ जुलै, बुधवार, रात्र

तुम्ही हायकोर्टात उभे आहात. बाहेर पोलिसांनी रस्ते अडवलेत, लोकांचे घोळके दूर रेटलेत. आत दिव्यांच्या उजेडात एक माणूस उभा आहे. लाल पगडी, पांढरा अंगरखा, खांद्यावर उपरणं. मधुमेहाने अंग उतरलंय, पण पाठ ताठ आहे. उद्या त्याला ५२ वर्षं पूर्ण होतील.

बाळ गंगाधर टिळकांना २४ जूनला पकडलं, ते इथून जवळच, क्रॉफर्ड मार्केटशेजारच्या सरदारगृहात. गुन्हा काय, तर 'केसरी'तले लेख. मुझफ्फरपूरला ३० एप्रिलला बॉम्ब पडला, त्यानंतर १२ मेच्या अंकात 'देशाचे दुर्दैव' आणि ९ जूनच्या अंकात 'हे उपाय टिकाऊ नाहीत' हे लेख आले. बॉम्बची बाजू घेतली नव्हती. हा प्रसंग राज्यकर्त्यांनी आपल्या वागण्याने ओढवून घेतला, असं सांगितलं होतं. सरकारने त्याला राजद्रोह म्हटलं.

खटला १३ जुलैला सुरू झाला. टिळकांनी वकील उभा केला नाही, आपली बाजू आपणच मांडली. १५ तारखेला बोलायला उभे राहिले ते आज दुपारपर्यंत, एकूण २१ तासांच्या वर. त्या बोलण्याचा मोठा भाग कशावर होता, हे मराठी वाचणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावं. तो शब्दांवर होता. नऊ ज्यूरर, त्यांतले सात युरोपियन, दोन पारशी. लेख मराठीत लिहिलेले, आणि समोर बसलेल्या बहुतेकांना मराठी येत नव्हतं. त्यांच्या हातात होतं ते सरकारी भाषांतर. टिळकांनी भाषांतर खात्यातल्या साक्षीदाराची उलटतपासणी घेतली आणि एकेक शब्द पुढे ठेवला. याचा मराठीत अर्थ काय, तुम्ही इंग्रजीत काय केलात, या दोहोंत किती अंतर पडलं? पुण्याच्या घराच्या झडतीत एक पोस्टकार्ड सापडलं होतं. त्यावर स्फोटकांवरच्या पुस्तकांची नावं होती आणि सरकारी पक्षाने त्यावर बराच भर दिला होता. स्फोटकांच्या नव्या कायद्यावर लिहायचं म्हणून ती पुस्तकं हवी होती, असं टिळकांनी सांगितलं.

न्यायमूर्तींच्या जागेवर दिनशा दावर आहेत. ११ वर्षांपूर्वी, १८९७च्या राजद्रोहाच्या खटल्यात, हेच दावर बॅरिस्टर म्हणून टिळकांच्या बाजूने उभे होते आणि त्यांनी टिळकांना जामीन मिळवून दिला होता. या वेळी तरुण बॅरिस्टर जिनांनी टिळकांसाठी जामीन मागितला, तो याच दावरांनी नाकारला.

रात्रीचे आठ वाजून गेल्यावर ज्यूरर आत जातात, तासाभराने बाहेर येतात. सात विरुद्ध दोन. दोषी.

आता श्वास रोखून ऐका. काही म्हणायचं आहे का, असं विचारल्यावर टिळक मोजकी वाक्यं बोलतात. ज्यूरीने काहीही ठरवलं तरी आपण निर्दोष आहोत, जगाचे व्यवहार चालवणाऱ्या याहून वरच्या शक्ती आहेत, आणि आपण अंगीकारलेलं काम आपल्या मोकळं राहण्यापेक्षा आपल्या सोसण्यानेच पुढे जावं अशी त्यांची इच्छा असेल, असा त्याचा आशय. १९५६ साली याच कोर्टात त्या उद्गारांची पाटी लागेल. आज मात्र ते हवेत आहेत आणि पलीकडे पाऊस वाजतोय.

शिक्षा सहा वर्षं काळ्या पाण्याची, आणि १ हजार रुपये दंड. टिळकांना रातोरात विशेष गाडीने साबरमतीच्या तुरुंगाकडे नेतात. बाहेर ताटकळलेल्या लोकांना त्यांचं दर्शनही होत नाही.

त्याच रात्री, चिंचपोकळी

आता चालायला लागा. विजेची ट्राम वर्षभरापूर्वीच, मे १९०७मध्ये सुरू झालीय, पण या बातमीसोबत पायीच गेलेलं बरं, कारण बातमीही पायीच चाललीय. क्रॉफर्ड मार्केट, भायखळा, चिंचपोकळी, लालबाग. तुमच्या पुढे कुणीतरी धावत गेलाय. तुम्ही जिथे पोचता तिथे बातमी आधीच पोचलेली असते.

चिंचपोकळीच्या एका चाळीत शिरा. जिना अंधारा, ओला, खालच्या गटाराचा वास वरपर्यंत. खोली दहा बाय दहाची. भिंतीला ओळीने पत्र्याच्या ट्रंका, वर दोरीवर न वाळलेली धोतरं. इथे राहणारे सगळे एकाच वेळी कधीच झोपलेले नसतात, नाहीतर पाठ टेकायलाही जागा पुरणार नाही. बहुतेक रत्नागिरीचे, काही साताऱ्याकडचे. बायकामुलं गावी, पोटाला खानावळवाल्या मावशीची भाकरी आणि सुक्याचं कालवण. केसांत, भुवयांत, कानामागे कापसाचे तंतू. कितीही अंघोळ केली तरी ते तिथेच असतात. साचेखात्यातला माणूस चटकन ओळखू येतो, कारण तो जरा मोठ्याने बोलतो. दिवसभर सांच्यांच्या खडखडाटात राहून त्याचे कान मंदावलेत.

दारात कंदील. कुणीतरी विचारतं, "किती?"

"सहा."

"महिने?"

"वर्षं."

मग बराच वेळ कुणी बोलत नाही.

या खोलीत 'केसरी' वाचता येणारा एखादाच. अंक पुण्याहून येतो, तो मोठ्याने वाचतो, बाकीचे ऐकतात. कित्येक शब्द कठीण असतात. पण हा माणूस आपल्या रत्नागिरीचा, गणपती रस्त्यावर आणणारा, गिरगावात केशवजी नाईकांच्या चाळीत येऊन गेलेला, आणि अलीकडे चिंचपोकळीत येऊन गिरणीवाल्यांसमोर उभा राहून दारू सोडा, स्वदेशी घ्या असं सांगणारा. शिकलेल्या मोठ्या माणसांपैकी इथे येऊन आपल्याला 'तुम्ही' म्हणून बोललेले किती? ते या खोलीला बरोबर मोजता येतं.

आणि त्यांना आणखी एक गोष्ट ठाऊक आहे, दिवस म्हणजे काय ते. पूर्वी उजेड संपला की गिरणी सुटायची. १९०५च्या सुमाराला खात्यांत विजेचे दिवे लागले आणि दिवसाला शेवटच राहिला नाही. काही गिरण्यांत १४ तास काम चाललंय. मोठ्या पुरुषांच्या कामाच्या तासांना कायद्याची कसलीच मर्यादा नाही. १२ तासांची मर्यादा १९११च्या कायद्याने येईल, म्हणजे अजून तीन वर्षांनी. नारायण मेघाजी लोखंड्यांनी खटपट करून १८९०मध्ये रविवारची सुट्टी मिळवून दिली होती. ते १८९७च्या प्लेगात गेले. तेव्हापासून या लोकांसाठी खमकेपणाने बोलणारं कुणी उरलं नव्हतं.

२३ जुलै, गुरुवार, पहाट

भोंगा होतो. एक थांबतो न थांबतो तोच दुसरा, मग लांब परळच्या बाजूने तिसरा. एरवी या आवाजाबरोबर गल्ल्या भरून वाहायला लागतात. माणसं तोंडात मिश्री, खाकोटीला भाकरीचं फडकं घेऊन धावत असतात. वाइंडिंग खात्यातल्या बाया पोर कडेवर घेऊन निघालेल्या असतात.

आज गल्ली भरते, पण सगळीच वाहत नाही. काही जण गिरणीच्या दरवाजापर्यंत जातात आणि तिथेच उभे राहतात. खटला चालू असतानाच काही गिरण्यांत काम थांबलं होतं. आज त्याला आकडा मिळालाय. सहा वर्षांना सहा दिवस, एका वर्षाला एक. हा हिशेब पहिल्यांदा कुणी मांडला? एका तोंडाचं नाव घ्यावं असं ते नाही. तो एकदम सगळीकडेच ऐकू येतो. हिशेब इतका सोपा आहे की तो बोटांवर होतो, कागद लागत नाही.

जॉबर दरवाजात उभा आहे. त्यानेच गावाहून माणसं आणून कामाला लावलीत, त्यांच्यातल्या कित्येकांनी त्याच्याकडूनच उसने घेतलेत.

"खाडा पडेल," तो म्हणतो. "समजतंय ना?"

खाडा म्हणजे काय, ते इथे नीट समजून घ्या, नाहीतर या सहा दिवसांचं वजन कळायचं नाही. कामावर न आलेला दिवस म्हणजे खाडा. कुठे कुठे एका खाड्याला दोन दिवसांचा पगार कापण्याची रीत आहे. शिवाय पगार महिना उलटून गेल्यावर हातात येतो, म्हणजे आधीच्या केलेल्या कामाचे पैसे मालकाकडे अडकलेले. आज पाठ फिरवली तर तेही बुडू शकतात. संघटना नाही, संपाचा निधी नाही, गावी मनीऑर्डरची वाट बघणारी आई आहे, वाण्याकडे उधारीची वही आहे. सहा दिवस म्हणजे सहा दिवस नव्हेत. काहींना ते १२ पडतील, काहींची नोकरी जाईल.

"पडू दे," म्हातारासा विणकर म्हणतो. आवाज मोठा आहे, सांच्याच्या सवयीचा, म्हणून दरवाजातल्या सगळ्यांना ऐकू जातो. "त्यांचा सहा वर्षांचा पडलाय."

तो वळतो. त्याच्या पाठोपाठ बाकीचे. आज टिळकांचा वाढदिवस आहे, हे बहुधा त्यांच्यातल्या कुणाला ठाऊक नाही.

मधले दिवस

हे दिवस सरसर जातात आणि तुम्हाला सगळीकडे थोडं थोडं उभं राहावं लागतं. बंद गिरण्यांची संख्या वाढत जाते. शहरात ऐंशीच्या आसपास गिरण्या आणि सुमारे १ लाख कामगार आहेत. शुक्रवारपासून परळ, लालबाग, चिंचपोकळीच्या आभाळातला धूर विरळ होतो. पावसाने धुतलेली चिमणी धुराशिवाय कशी दिसते, ते इथल्या पोरांनी कामाच्या वारी कधी पाहिलेलं नाही. तिकडे मुळजी जेठा मार्केटातल्या कापडाच्या दुकानांनी फळ्या लावल्यात. ज्याने सूत कातलं आणि ज्याने कापड विकलं, दोघेही एकाच कारणासाठी घरी बसलेत. गिरगावातही दुकानं बंद आहेत.

खानावळीत मावशी वाढताना हात आखडत नाही, पण तिचा चेहरा वाचा. वाणी तिलाही उधारीच देतो. तिने दहा-बारा माणसांचं पोट आपल्या हिशेबावर घेतलंय आणि त्या हिशेबातले सहा दिवस तिचेही गेलेत. या संपाच्या गोष्टीत तिचं नाव कुठे येत नाही. तुम्ही पंगतीत बसून तिच्या हातची भाकरी खाल्लीत, तेव्हा तिला विसरू नका.

शांतपणे काहीच चाललेलं नाही, तेही बघा. दगड उडतात. गिरण्यांच्या काचा फुटतात. ज्या गिरण्या चालू आहेत त्यांच्या दारात झटापटी होतात. पोलीस कमी पडतात, लष्कर येतं. गोळीबार होतो आणि माणसं मरतात. रस्त्यावर पडलेला माणूस कालपर्यंत थ्रॉसल खात्यात तुटलेला धागा सांधत होता. त्याची खोली, ट्रंक, दोरीवरचं धोतर, सगळं जिथल्या तिथे आहे. कोकणातल्या कुठल्या तरी वाडीत ही बातमी पोचायला अजून आठवडा लागेल.

गोळी झाडणाऱ्याला आणि ती खाणाऱ्याला एकमेकांची भाषा कळत नव्हती. कोर्टातही तेच झालं होतं.

इथे जरा थांबा

या सहा दिवसांकडे दुरूनही कुणीतरी बघत होतं. जिनिव्हात परागंदा असलेला लेनिन नावाचा रशियन पुढारी ऑगस्टमध्ये आपल्या वृत्तपत्रात टिळकांच्या शिक्षेवर आणि मुंबईच्या कामगारांवर लिहिणार आहे. पुढच्या वर्षी, ४ ऑगस्ट १९०९ला, युरोपच्या उत्तर टोकाला स्वीडनमध्ये सुमारे ३ लाख कामगार काम टाकतील आणि महिनाभर सारा देश जवळजवळ थांबवतील. त्या देशाच्या इतिहासात ते साल 'मोठ्या संपाचं' म्हणून कोरलं जाईल. तिथल्या कामगारांमागे देशव्यापी संघटना होती, निधी होता, पुढारी होते, आणि त्यांचं भांडण पगाराचं होतं. तरीही ते हरले.

मुंबईच्या कामगारांनी या सहा दिवसांत पगार मागितला नाही, तास कमी करा म्हटलं नाही, बोनसचा शब्द काढला नाही. ज्यांना स्वतःसाठी मागायला शंभर गोष्टी होत्या, त्यांनी दोन लेखांसाठी पगार सोडला. तेही असे लेख, की त्यांच्यातल्या बहुतेकांना वाचता आले नसते.

मला सांगायचंय ते हेच. 'केसरी'तल्या त्या मराठी शब्दांवर दोन ज्यूरी बसल्या. एक हायकोर्टात. तिच्यातल्या सातांनी भाषांतर वाचलं आणि दोषी म्हटलं. दुसरी गिरणगावात. तिच्यातल्या लाखभरांपैकी बहुतेकांना अक्षरओळखही नव्हती, त्यांनी चाळीच्या गॅलरीत कंदिलाखाली ऐकलं होतं आणि निर्दोष म्हटलं. पहिल्या ज्यूरीला निकाल द्यायला तास-सव्वा तास लागला, आणि त्यासाठी तिच्यातल्या कुणाला किंमत मोजावी लागली नाही. दुसरीने निकाल द्यायला सहा दिवस घेतले आणि प्रत्येक दिवसाचे पैसे भरले. मराठीची परीक्षा वाचता येण्याने होते असं आपण समजतो. त्या आठवड्यात ती ऐकता येण्याने झाली.

२८ जुलै, मंगळवार, संध्याकाळ

सहावा दिवस. मंगळवार हा 'केसरी'चा वार. ज्या लेखांवर शिक्षा झाली, ते दोन्ही मंगळवारीच निघाले होते. आजही पुण्यात अंकाचा दिवस आहे आणि संपादक साबरमतीला आहे. सप्टेंबरात त्याला बोटीने ब्रह्मदेशात मंडालेला नेतील. तिथल्या लाकडी कोठडीत तो 'गीतारहस्य' लिहील, तिथेच १९१२ साली पत्नी गेल्याची तार वाचील, आणि १९१४च्या जूनमध्ये सुटून येईल. या खोलीतल्यांना यातलं काहीच ठाऊक नाही. त्यांना सहा हा आकडा ठाऊक आहे, आणि तो आज पूर्ण होतोय.

आज आषाढी अमावास्या आहे, दिव्यांची आवस. आभाळात चंद्र नाही आणि ढग इतके खाली आलेत की चांदण्याही नाहीत. मावशीने सकाळी समया, पणत्या, कंदील, होतं नव्हतं ते सगळं काढून राखेने घासलंय. पाटावर मांडलंय. तेल उधारीचं आहे, म्हणून वाती बारीक. ती एकेक दिवा लावते आणि हात जोडते. बाहेर गॅलरीत बसलेले पुरुष एकामागून एक आत येऊन नमस्कार करतात आणि पुन्हा बाहेर जाऊन बसतात.

तुम्हीही गॅलरीत या. एरवी या वेळी समोरच्या गिरणीच्या खिडक्या विजेच्या उजेडाने पांढऱ्या पडलेल्या असतात आणि हे सगळे त्या उजेडात उभे असतात. आज त्या खिडक्या काळ्या आहेत. चाळीच्या प्रत्येक मजल्यावर, खोलीखोलीत, एकेक पिवळा ठिपका आहे. या लोकांना आपल्या घरातला दिवा लागताना दिसणं हे वर्षातून किती वेळा घडत असेल?

"उद्या भोंग्याला जायचं," म्हातारा विणकर म्हणतो.

"जायचं," बाकीचे म्हणतात.

पराभवाचा सूर त्यात नाही, विजयाचाही नाही. सहा सांगितले होते, सहा दिले. घेतलेलं काम पुरं केल्यावर माणूस जसा बोलतो, तसे ते बोलतात.

परत

आता घड्याळ ३९ मिनिटं पुढे करा आणि लालबागच्या पुलाखाली उभे राहा. चिमण्या जवळजवळ सगळ्या गेल्यात, गिरण्यांच्या जमिनीवर काचेचे मनोरे आहेत, त्यांच्या खिडक्यांतले दिवे रात्रभर जळतात. हायकोर्टात पाटी आहे. सरदारगृह अजून उभं आहे. १ ऑगस्ट १९२०ला टिळक गेले तेही त्याच वास्तूत, आणि त्यांना निरोप द्यायला गिरगाव चौपाटीवर पावसात माणसांचा समुद्र लोटला. चौपाटीवर पुतळा आहे. टिळकांच्या वाटेवर आपण खुणा राखल्यात.

त्यांच्यासाठी जे सहा दिवस बसले, त्यांची खूण कुठे सापडते का बघा. त्यांच्यातल्या बहुतेकांची नावं कुठे उतरलेली नाहीत. उतरली असतील तर गिरणीच्या हजेरीवहीत, आणि तिथे त्या सहा चौकोनांत एकच शब्द असेल, खाडा. मालकाच्या हिशेबात ते न भरलेले दिवस. माझ्या हिशेबात त्या माणसांच्या आयुष्यातले तेवढेच सहा दिवस पुरते त्यांचे स्वतःचे होते, आणि ते त्यांनी दुसऱ्यासाठी दिले.

पुढच्या दिव्यांच्या आवसेला घरात एक वात जास्तीची लावा. बारीक असली तरी चालेल.